कांद्याच्या खळ्यावरची हिशोबपट्टी: मॅक्रो शिकतानाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना गोंधळ होणार नाही. खळं, म्हणजे व्यापाऱ्याची कांदा उतरवून घ्यायची जागा, पिंपळगाव बसवंतला, मी राहते नाशिकला, पंचवटीत. सकाळच्या लिलावात घेतलेल्या ट्रॉल्या आणि पिकअप काटा करून खळ्यावर येतात, रिकाम्या होतात आणि पुन्हा काट्यावर जातात. प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात शेवटी आमची हिशोबपट्टी पडते. भाव सौदापट्टीवरून (लिलावात ठरलेल्या सौद्याची चिठ्ठी), भरलेलं आणि रिकामं वजन काट्याच्या पावतीवरून. निव्वळ वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, उरलं ते देणं. फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदारानं द्यायची. म्हणून पट्टीत तो रकाना नाही. जुन्या छापील पुस्तकांत मात्र आहे, आणि आमचे दिवाणजी आप्पा ती पुस्तकं संपेपर्यंत रकान्यावर रेघ मारून वापरत होते.

सध्या हे सगळं एक्सेलमध्येच होतं, पण कालची पट्टी उघडायची, नाव-वजन-भाव खोडून नवं टाकायचं आणि छापायची, अशा पद्धतीनं. शेठ म्हणाले, "सॉफ्टवेअरवाल्यांना बोलवायच्या आधी आहे त्यात काय होतंय ते बघा." म्हणून मॅक्रो, म्हणजे एक्सेलला एकदा लिहून द्यायच्या आणि मग त्यानं आपोआप चालवायच्या आज्ञा. त्या लिहायची भाषा व्हीबीए. १९९३ च्या एक्सेल ५ पासून ती सोबतच येते, वेगळे पैसे लागत नाहीत. डेव्हलपर टॅब मात्र मुळात लपलेला असतो, पर्यायांत जाऊन तो रिबनवर आणावा लागतो. नाहीतर थेट ऑल्ट आणि एफ-११, की कोड लिहायचा संपादक उघडतो.

६ नोव्हेंबर

मॅक्रो रेकॉर्डर (आपण हातानं करतो ते कोडमध्ये लिहून घेणारा) चालू केला, एक पट्टी नेहमीसारखी हातानं केली, बंद केला आणि काय लिहिलं गेलं ते वाचलं. प्रत्येक क्लिकला एक 'सिलेक्ट', आणि पान खाली-वर सरकवलं त्याचीही ओळ. बी-७ मध्ये नाव टाकलं तर मॅक्रो जन्मभर बी-७ मध्येच नाव टाकणार, तेही त्याच शेतकऱ्याचं. 'रिलेटिव्ह रेफरन्स' चालू केलं की पत्ते निवडलेल्या खान्यापासून मोजले जातात, पण नाव तेच राहतं.

तरी रेकॉर्डर निकामी नाही. एखाद्या गोष्टीला व्हीबीएत काय म्हणतात हे माहीत नसेल तर ती हातानं करायची, ओळ वाचायची, 'सिलेक्ट' काढून टाकायचं आणि उरलेली दीड ओळ ठेवायची. खान्याला चौकट, रकान्याची रुंदी, छपाईचा भाग ही सगळी नावं मी अशीच उचलली.

मॅक्रो चालल्यावर 'अनडू' रिकामं होतं. कंट्रोल-झेड दाबून मागे येता येत नाही. म्हणून नियम: प्रयोग नेहमी फाइलच्या प्रतीवर. आणि फाइल .एक्सएलएसएम म्हणूनच ठेवायची, .एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहतच नाहीत.

७ नोव्हेंबर

'ऑप्शन एक्स्प्लिसिट' ही ओळ प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या पानाच्या, डोक्यावर. हे नसेल तर 'वजन'ऐवजी चुकून 'वजण' टाइप झालं तरी व्हीबीए तक्रार करत नाही, नवा रिकामा चल (किंमत ठेवायची नाव दिलेली जागा) बनवून त्याला शून्य मानून पुढे जातो. ट्रॉलीभर कांद्याचे शून्य रुपये. टूल्स-ऑप्शन्समध्ये एक खूण केली की पुढच्या प्रत्येक नव्या मॉड्यूलमध्ये ही ओळ आपोआप येते. ती खूण आधीपासून का केलेली नसते, देव जाणे.

एफ-८ नं एकेक ओळ चालवणं हे आजवरचं सगळ्यात कामाचं शिक्षण. पिवळी पट्टी ओळीओळीनं खाली सरकते, चलावर माउस नेला की आतली किंमत दिसते.

११ नोव्हेंबर

आजचा दिवस गुणाकारात गेला, आणि त्याचं चीज झालं.

उदाहरण म्हणून घेतलेली ट्रॉली: निव्वळ २१ क्विंटल ३५ किलो, भाव १,४३० रुपये. २१.३५ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत बसत नाही, अगदी जवळची दुसरी संख्या बसते. एका पट्टीत फरक दिसत नाही, पण पैसा बरोबर अर्ध्यावर आला की ती किंचितशी तफावत कुठल्या बाजूला झुकेल याचा भरवसा नाही. म्हणून वजन किलोत, पूर्णांकात घ्यायचं ठरवलं: २१३५. यात एक गंमत सापडली. किलो गुणिले क्विंटलचा भाव केलं की उत्तर थेट पैशांत येतं, कारण क्विंटलचे किलोही शंभर आणि रुपयाचे पैसेही शंभर. २१३५ गुणिले १४३० म्हणजे ३०,५३,०५० पैसे, म्हणजे ३०,५३० रुपये ५० पैसे. दशांश चिन्हाचा संबंधच आला नाही.

लगेच दुसरा अडसर. पूर्णांक ठेवायचे चल दोन प्रकारचे, छोटा 'इंटिजर' आणि मोठा 'लाँग'. वजन 'इंटिजर', भाव 'इंटिजर', उत्तरासाठी मात्र ऐसपैस 'लाँग' अशी मुद्दाम मांडणी करून पाहिली. एरर ६, ओव्हरफ्लो. व्हीबीएचा इंटिजर १६ बिटांचा, त्याची धाव ३२,७६७ पर्यंत. २१३५ त्यात बसतं, १४३० बसतं, पण दोन इंटिजरांचा गुणाकार व्हीबीए इंटिजरमध्येच करतो आणि मग उत्तर कुठे ठेवायचं ते बघतो. भांडं मोठं असून उपयोग नाही, पळीच लहान. सगळीकडे 'लाँग' लावलं. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. पैशांत धरलं तरी दोन कोटींच्या वर रुपये झाले. एवढ्या किमतीची ट्रॉली आली तर शेठ स्वतः हिशोब करतील.

ओळी मोजणाऱ्या चलालाही हेच लागू. हल्लीच्या पानावर १०,४८,५७६ ओळी असतात, जुन्या .एक्सएलएस फाइलमध्येही ६५,५३६ होत्या. इंटिजरमध्ये ओळ मोजली तर ३२,७६८ व्या ओळीवर गाडं अडणार.

१२ नोव्हेंबर

कालचे पन्नास पैसे कुणाचे?

व्हीबीएचं 'राउंड' वापरलं तर ३०,५३०.५० चे ३०,५३० होतात. पानावरच्या सूत्रातलं 'राउंड' त्याच रकमेचे ३०,५३१ करतं. नाव एक, वागणं दोन तऱ्हांचं. व्हीबीए बरोबर अर्ध्यावर आलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेतं, याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. हजारो रकमांची बेरीज करताना कल एका बाजूला जाऊ नये म्हणून ही पद्धत. सांख्यिकीला ठीक आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला काय सांगणार, की तुमची रक्कम सम असल्यामुळे अर्धा रुपया गेला?

आप्पांना विचारलं, तुम्ही हातानं काय करता? त्यांनी चष्मा वर केला. "रक्कम वर, कपात खाली. अर्धा रुपया शेतकऱ्याचा." हे कधी ठरलं? "माझ्या आधीपासून."

हा नियम कुठल्याही फाइलमध्ये नव्हता, कुठल्याही वहीतही लिहिलेला नव्हता. तो आप्पांच्या हातात होता, आणि त्यांच्या सुटीच्या दिवशी वेगवेगळी माणसं पट्ट्या करत तेव्हा वेगवेगळा होत असणार. आता तो दोन ओळींत आहे: एकूण पैशांत ५० मिळवून उलट्या तिरक्या रेघेनं शंभरानं भागायचं (हा पूर्णांक भागाकार, बाकी सोडून देतो), आणि कपातीत काहीही न मिळवता तसंच भागायचं. ओळीच्या वर टिप्पणीत लिहिलं की हा नियम आप्पांचा आहे. पुढे कुणी 'सोपं' करायला गेलं तर विचार करूनच हात लावेल.

१४ नोव्हेंबर

हमाली-तोलाईचे दर कोडमध्ये लिहायचे नाहीत. 'दर' नावाचं वेगळं पान: कधीपासून, हमाली, तोलाई. मॅक्रो पट्टीची तारीख पाहून त्या दिवशी लागू असलेला दर उचलतो. त्यामुळे मागच्या महिन्यातली पट्टी कुणी पुन्हा छापून मागितली तरी ती जुन्याच दरानं निघते. उद्या दर बदलला तर आप्पा नवी ओळ भरतील, मला बोलवायची गरज नाही.

१८ नोव्हेंबर

काट्याच्या संगणकातून दिवसभराची वजनं सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) मिळतात. ती हातानं उघडली तर तारखा नीट, मॅक्रोनं उघडली तर ५ नोव्हेंबरची वजनं ११ मेच्या नावावर. कारण व्हीबीएनं सीएसव्ही उघडताना, वेगळं सांगितलं नाही तर, अमेरिकन पद्धत गृहीत धरली जाते: आधी महिना, मग दिवस. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत दिवस-महिना गुपचूप अदलाबदल होतात. १३ पासून तेरावा महिना नसल्यामुळे तारीख नुसता मजकूर म्हणून राहते. म्हणजे निम्मा महिना चुकीचा आणि निम्मा बिनकामाचा, आणि एररचा एकही संदेश नाही. ज्यानं फक्त पंधरवड्यानंतरच्या फाइलवर चाचणी घेतली त्याला पहिला भाग कधी दिसणारच नाही.

उघडण्याच्या आज्ञेत 'लोकल' हा पर्याय 'ट्रू' केला की संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे, म्हणजे आपल्या दिवस-महिना क्रमानं, वाचलं जातं. पण खळ्यावर तीन संगणक आणि प्रत्येकाचं सेटिंग कुणी केलंय ते कुणालाच आठवत नाही. म्हणून मी फाइल मजकुरासारखी वाचते, तारखेचे तुकडे करते आणि 'डेटसिरियल' या तारीख बनवणाऱ्या फंक्शनला वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे देते. तिथे गैरसमजाला जागाच नाही.

१९ नोव्हेंबर

मराठीचा प्रश्न. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी चिकटवली की प्रश्नचिन्हांची रांग. एक्सेलच्या खान्यात युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) व्यवस्थित चालतं, पण हा संपादक त्या काळाच्या आधीचा आहे आणि तसाच राहिलाय. साध्या संदेशखिडकीचंही तेच, मजकूर खान्यातून उचलून दिला तरी तिथे प्रश्नचिन्हंच. 'क'चा क्रमांक २३२५ देऊन 'सीएचआरडब्ल्यू'नं अक्षर बनवता येतं, पण अशा पद्धतीनं 'हिशोबपट्टी' लिहायची म्हणजे तप करायचं.

तोडगा: 'शब्द' नावाचं पान. सगळी मराठी वाक्यं तिथल्या खान्यांत, कोडमध्ये फक्त खान्याचं नाव. संदेशासाठी छोटा यूजरफॉर्म, म्हणजे स्वतः आखलेली खिडकी, बनवला, त्याच्या लेबलवर देवनागरी नीट दिसते. एक फायदा न मागता मिळाला: शेठना "वजन भरलेले नाही" हे वाक्य फार कोरडं वाटलं, तर आप्पांनी ते स्वतःच खान्यात जाऊन "वजन राहिलं आहे, बघा" असं केलं.

२१ नोव्हेंबर

शेतकऱ्यांची जुनी यादी युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहे. फाँट बदलला की नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. सगळी यादी बदलत बसणार नाही. जो शेतकरी माल घेऊन येईल त्याचं नाव तेव्हा नव्यानं टाइप करायचं.

नावावरून शोध घ्यायचा नाही हेही ठरलं. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, कधी वडिलांचंही नाव एकच असलेले दोघे असतात. त्यात देवनागरीच्या छुप्या खोड्या: 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'अॅ' आणि एकाच कळीनं आलेला 'ॲ' डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. अक्षरांच्या मध्ये न दिसणारा जोडक घुसला असेल तर दोन हुबेहूब नावं जुळत नाहीत. म्हणून ओळख मोबाइल क्रमांकावरून. डिक्शनरी म्हणजे व्हीबीएतली किल्ली देऊन किंमत काढायची यादी. तिच्यात मोबाइल ही किल्ली आणि ओळीचा क्रमांक ही किंमत; 'एक्झिस्ट्स' विचारलं की माणूस जुना की नवा ते क्षणात कळतं. घरात एकच मोबाइल आणि भाऊ दोन, असंही होतं. तिथे फॉर्म दोन्ही नावं दाखवून विचारतो.

२५ नोव्हेंबर

बँकेत पैसे पाठवायची फाइल. खाते क्रमांक खान्यात संख्या म्हणून गेला की सुरुवातीची शून्यं गळतात, आणि एक्सेल १५ च अंक नेमके ठेवतं, त्यामुळे १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक शून्य होतो. दुसऱ्याच खात्यात पैसे जाण्याची ही उत्तम सोय. रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करायचा, मग क्रमांक लिहायचा. नंतर प्रकार बदलून गेलेला अंक परत येत नाही.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा क्रमांक, तपासणं सोपं निघालं. ११ चिन्हं, पहिली चार अक्षरं, पाचवं नेहमी शून्य. 'लाइक' या तुलनेत तसा साचा दिला की शून्याच्या जागी 'ओ' टाकलेले क्रमांक लगेच पकडले जातात. असे बरेच होते.

२ डिसेंबर

लाल कांद्याची आवक वाढली, शिकायला वेळ नाही. उन्हाळ कांदाही चाळीतून थोडा येतोय, म्हणून पट्टीत प्रकाराचा रकाना वाढवला. बाकी काही नाही.

५ डिसेंबर

'अक्षरी रुपये'. आप्पांनी सगळ्यात जास्त वेळ मागून घेतलेला भाग, कारण पट्टीवर अक्षरी रक्कम नसेल तर ती त्यांच्या लेखी पट्टीच नाही.

एक्सेलमध्ये थायलंडच्या बाथसाठी तयार फंक्शन आहे, 'बाथटेक्स्ट'. रुपयासाठी नाही, मराठीसाठी तर नाहीच. इंग्रजीसाठी लोक स्वतः बनवतात त्या फंक्शनला ९९ पर्यंत २७ शब्द पुरतात, एकोणीसपर्यंतचे एकोणीस आणि दशकांचे आठ. मराठीत तसं तोडता येत नाही. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव: तीनचा चेहरा कुठे 'त्रे', कुठे 'त्र्या'. ९९ शब्द ९९ खान्यांत लिहिण्यावाचून मार्ग नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ती पद्धत म्हणजे सुट्टीच. आप्पांना सुचवून पाहिलं. "पन्नास तीन लिहा तुम्ही. शेतकरी विचारेल, पन्नास घेऊ का तीन?"

शब्दांचा रकाना एकदम ॲरेत (मेमरीतल्या क्रमवार खान्यांच्या यादीत) घेतला. एकाच रकान्याचा असला तरी हा ॲरे दोन मितींचा आणि १ पासून सुरू होणारा असतो, म्हणजे एकतीस हवं तर ३१ आणि १ असे दोन्ही आकडे द्यायचे. मग रकमेचे तुकडे: कोटी, लाख, हजार, शेकडा, उरलेले. हे सगळं पूर्णांक भागाकार आणि 'मॉड'वर (बाकी देणारी क्रिया) चालतं.

शेकड्यांनी सुखद धक्का दिला. एक ते नऊच्या पुढे 'शे' लावलं की झालं: एकशे, दोनशे, सहाशे, नऊशे. अपवाद एकच, बरोबर शंभर. तोही फक्त मागे काही उरलं नसेल तेव्हा: १०० म्हणजे शंभर, १०१ म्हणजे एकशे एक. मग १,१००? मी 'एक हजार शंभर' काढत होते. आप्पा म्हणाले, बोलताना अकराशे, लिहिताना 'एक हजार एकशे'. आणि १,००,१००? तिथे त्यांनीच थोडा विचार केला आणि 'एक लाख एकशे' यावर शिक्का मारला. म्हणजे 'शंभर' फक्त एकटं असताना. अट आणखी सोपी झाली. दीडशे, अडीच हजार, साडेतीन लाख यांना कागदावर जागा नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

३०,५३१ दिले: तीस हजार पाचशे एकतीस रुपये फक्त. आप्पांनी छापलेला कागद खिडकीशी नेऊन वाचला आणि 'फक्त'च्या पुढे तिरक्या दोन रेघा हव्यात म्हणाले. 'शब्द' पानात दिल्या.

एक बारकावा पुढच्यासाठी. फंक्शन शब्दांचं पान आतून वाचत असेल तर तिथला शब्द सुधारल्यावर छापलेली रक्कम आपोआप बदलत नाही, कारण एक्सेल फक्त फंक्शनला दिलेल्या गोष्टींवर लक्ष ठेवतं. शब्दांचा पट्टा दुसरा घटक म्हणून सूत्रातच दिला. आता 'पासष्ठ'चं 'पासष्ट' केलं की सगळीकडे होतं.

११ डिसेंबर

निफाडची थंडी पिंपळगावपर्यंत पोचली आहे, बोटं टाइप करायला तयार नाहीत.

महिन्याचा गोषवारा फार हळू चालत होता. खाना वाचायचा, खाना लिहायचा, असं हजारो वेळा. प्रत्येक वेळी व्हीबीए आणि पान यांच्यात फेरी. सगळा पट्टा एकदम ॲरेत घेतला, हिशोब आतच केला, उत्तर एकदम ठेवलं. बटण दाबून हात मागे घेईपर्यंत काम झालेलं. पडदा गोठवणं आणि पानाची आपोआप होणारी आकडेमोड तेवढ्यापुरती थांबवणं या नेहमीच्या युक्त्याही आहेत, पण त्यांच्यात एक जोखीम: मॅक्रो मध्येच पडला तर आकडेमोड बंदच राहते आणि पुढची सूत्रं जुनी उत्तरं दाखवत बसतात. बाहेर पडायची एकच वाट ठेवली आहे, एरर आला तरी त्याच वाटेनं जायचं आणि जाताना सगळं पूर्ववत करायचं.

'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' या ओळीवर बंदी. पैशांच्या हिशोबात 'झालं ते झालं, पुढे चला' चालणार नाही.

१६ डिसेंबर

फाइल शेठच्या लॅपटॉपवर ईमेलनं पाठवली, वर लाल पट्टी: मॅक्रो रोखले आहेत. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो ऑफिस मुळातच अडवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'ची खूण केली की चालतं. शेठना सांगितलं, ही खूण फक्त माझ्या फाइलला करा. 'बिल पाहा' म्हणून आलेल्या कुठल्याही एक्सेलला करू नका. पेनड्राइव्हनंच नेणं बरं, असं त्यांचं मत पडलं.

२३ डिसेंबर

कोडला पासवर्ड लावावा का असा विषय निघाला. व्हीबीएचा पासवर्ड जाणता माणूस सहज काढतो, तो फक्त चुकून हात लागू नये यासाठी. आप्पांचा आग्रह उघडं ठेवा असा: "नियम बघायला मिळाला पाहिजे." ठेवलं. टिप्पण्या रोमन लिपीतल्या मराठीत लिहिल्यात, संपादक दुसरं काही घेतच नाही.

राहिलेलं: एका ट्रॉलीत मोठा माल आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळ्या भावानं गेली तर एकाच पट्टीत दोन ओळी हव्यात. मग राउंडिंग प्रत्येक ओळीला की एकूण रकमेला? दोन्ही ओळी अर्ध्यावर आल्या तर ओळीनिहाय वर नेताना शेतकऱ्याला एक रुपया जास्त जातो. आप्पा म्हणाले ओळीला, शेठ म्हणाले एकूणाला. दोघांचं ठरेपर्यंत गोल्टीच्या पट्ट्या हातानंच.